आत जायची वाट आधी

चि. सोन्यास,


परवा ताईचा फोन होता. ‘रात्रभर कुठल्याशा इस्पितळात अडकला होता, सकाळी आला तो न जेवताच झोपला,’ एवढंच तिला ठाऊक. बाकीचं मी तुझ्या मित्राकडून काढून घेतलं. चार कॅटॅलिस्ट ९३०० चा स्टॅक चालू असताना तू पाचवा स्विच चालूच्या चालू जोडलास, हे खरं का रे?

खरं असेल तर तुझा कान धरायला हवा. तो डबा दुसऱ्या साइटवरून काढलेला, प्रायॉरिटी १५ ठेवलेली. चालू स्टॅक आणि चालू स्विच असे एकमेकांना भिडले की ॲक्टिव्ह कोण याची निवडणूक लागते. हरलेली बाजू रीलोड होते आणि जिंकणाऱ्याचं कॉन्फिगरेशन सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. नवा मेंबर बंदच ठेवायचा असतो. एकाच्या स्टॅक पोर्ट १ मधून दुसऱ्याच्या पोर्ट २ मध्ये अशी स्टॅक केबल फिरवत न्यायची, शेवटच्याची पहिल्यात आणून रिंग पुरी करायची, स्क्रू हाताने आवळायचे आणि मग पॉवर द्यायची.

पण सोन्या, माझा जीव त्याने उडाला नाही. आत जायला तुझ्याकडे वाटच नव्हती, त्याने उडाला. मॅनेजमेंटची वायर म्हणे फक्त पहिल्या डब्याला होती. अरे, स्टॅकचा पत्ता एकच असला तरी तो ॲक्टिव्ह स्विचच्याच मॅनेजमेंट पोर्टावर बोलतो. ॲक्टिव्ह बदलला की तुझी वायर नुसती लोंबकळणार. म्हणून प्रत्येक मेंबरच्या मागचा तो पोर्ट एका वेगळ्या छोट्या स्विचला जोडायचा, आणि तो छोटा स्विच या स्टॅकच्या भरवशावर चालणारा नको. शिवाय निळी कन्सोल केबल बॅगेत हवीच. ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक. सगळं बोंबललं तरी ती आत नेते. आधी वाट, मग हात. कितीदा सांगू?

मित्र म्हणाला, रॅकमागे मोबाइलच्या उजेडात तू एकटा बसला होतास आणि कुणाला फोनही केला नाहीस. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. तुझ्या वयात मलाही विचारायची लाज वाटे. आमचे एक साहेब होते, ‘रात्री कधीही उठव,’ म्हणायचे. मी त्यांना कधी उठवलं नाही. आता ते नाहीत, आणि किती विचारायचं राहून गेलं ते मलाच ठाऊक.

रागाने लिहायला बसलो होतो. राग कधीच गेला. इस्पितळाचं नेटवर्क पहाटेपर्यंत तूच उभं केलंस, पळून गेला नाहीस, हेही मित्राने सांगितलं. ताईला मी तेवढंच कळवलंय.

पुढच्या वेळी वाट सापडली नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन, मला फोन कर. मामीची झोप मोडेल याचा विचार करू नकोस, तिनेच हे लिहायला सांगितलंय. आणि जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा