तहकूब ठेवलेला विकास आराखडा

आमच्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत 'शहराची मंजूर विकास योजना सुधारित करण्याचा इरादा जाहीर करणे' हा विषय 'पुढील सभेपर्यंत तहकूब' झाला, तेव्हा कुणीही आवाज चढवला नाही. पाणीपट्टीवर तासभर भांडणाऱ्या सभागृहाचं या विषयावर चटकन एकमत झालं. त्या एकमताची किंमत आमच्या गावानं काय मोजली ते मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या गावात हा विषय येईल, किंवा यायला हवा असून येत नसेल, तर हे अनुभवाचे बोल उपयोगी पडावेत.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी मोजणीत गेली, त्यामुळे गट नंबर आणि हद्दी डोक्यात असतात. पालिकेची सभा नागरिकांना खुली असते, म्हणून मी जाऊन बसते. त्या दिवशी लांबणीवर टाका म्हणणारे लोक काही वावगं बोलत नव्हते. एकाचं म्हणणं, हद्दवाढीचा प्रस्ताव शासनाकडे आहे, तो मंजूर झाला की सगळ्याचा एकच आराखडा करू, दोनदा खर्च कशाला? दुसरे म्हणाले, पालिकेला पूर्णवेळ नगररचनाकार नाही, सर्वेक्षणाला पैसे नाहीत. आणि खरं कारण सभा संपल्यावर जिन्यात एका सदस्यानं मला सांगितलं, "ताई, निवडणुकीच्या तोंडावर लोकांच्या जमिनीवर आरक्षणं टाकली, तर वॉर्डात पाय ठेवता येईल का आम्हाला?"

पुढची सभा झाली, त्यानंतरच्याही झाल्या, पण विषय पटलावर आला नाही. मग सदस्यांची मुदत संपली. २०२२ च्या आसपास राज्यातल्या असंख्य पालिकांत प्रशासक आले, तसे आमच्याकडेही आले, आणि ती फाइल कपाटात राहिली.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ प्रमाणे मंजूर विकास योजना २० वर्षांतून किमान एकदा सुधारावी लागते. २० वर्षं उलटली म्हणून जुनी योजना रद्द होत नाही, नवी मंजूर होईपर्यंत तीच चालते. यामुळेच सगळे निर्धास्त राहतात. जुनी आहेच की, घाई कसली?

घाई अशी की त्याच कायद्यात कलम १२७ आहे, आणि त्यातली मुदत कुणाच्या ठरावानं थांबत नाही. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन पालिकेनं घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर पालिकेला २४ महिने मिळतात. पूर्वी १२ मिळत, २०१५ च्या दुरुस्तीनं ते वाढले. तेवढ्यातही संपादन किंवा त्याची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं आणि जमीन मोकळी.

आमच्या शाळेमागच्या क्रीडांगणाच्या आरक्षणाचं हेच झालं. पालिकेच्या बांधकाम विभागात भिंतीला लावलेल्या नकाशावर ती जागा हिरव्या रंगात आहे, घडीवर कागद फाटल्यामुळे आरक्षण क्रमांकाचा अर्धा आकडा गेलेला. पोरं तिथं वर्षानुवर्षं कबड्डी खेळली, म्हणून सगळ्यांना ती पालिकेचीच वाटे. सात-बारा मात्र खाजगी नावावर होता. मालकानं नोटीस दिली. पालिकेनं 'संपादन करावे' असा ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला आणि आपलं काम झालं असं मानलं. ते पुरेसं नव्हतं. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच स्पष्ट केलं होतं की नुसता ठराव किंवा वर पाठवलेला प्रस्ताव म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे. मुदतीत संपादनाची घोषणा प्रसिद्ध व्हायला हवी. आमची मुदत संपली. आता तिथं प्लॉट पडले आहेत.

मालकाला मी दोष देत नाही. त्यानं कायद्यानं दिलेला हक्क वापरला. सुधारित योजनेचं काम वेळेत सुरू झालं असतं, तर विद्यमान जमीन वापराचा नकाशा झाला असता, कुठलं आरक्षण धोक्यात आहे ते दिसलं असतं आणि क्रीडांगणाला दुसरी जागा शोधता आली असती. ओढ्यापलीकडचं गायरान तेव्हा मोकळं होतं. आज तिथं घरं उभी आहेत.

लांबणीवर टाकल्यानं जमीनमालकांचं भलं होतं, हा समजही खोटा आहे. माझ्या शेजारच्या काकूंची वडिलोपार्जित जागा भाजी मंडईसाठी आरक्षित आहे. मंडई कधीच दुसरीकडे भरू लागली, इथं ती होणार नाही हे पालिकेलाही माहीत आहे. पण कागदावर आरक्षण आहे, म्हणून बांधकाम परवानगी नाही, त्यामुळे बँकेचं कर्ज नाही, आणि गिऱ्हाईक आलं की झोन दाखला बघून परत जातं. कलम १२७ ची नोटीस द्यायला मालकीची कागदपत्रं लागतात, वकील लागतो. वारसांची भांडणं असलेल्या घराला ते झेपत नाही. ज्याच्याकडे पैसा आणि वकील आहे तो सुटतो, बाकीचे अडकून राहतात. अशी निरुपयोगी आरक्षणं एकदम तपासून उठवण्याची वेळ योजना सुधारतानाच येते. काकूंची ती वेळ तहकुबीत गेली. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

मधल्या काळात गाव थांबत नाही. एकेका जमिनीपुरते कलम ३७ खालचे किरकोळ फेरबदल होतात, त्यावर हरकतीला एक महिना मिळतो, आणि जाहिरात कुठल्या वर्तमानपत्रात आली हे कुणाला कळतही नाही. हद्दीलगत गुंठ्यागुंठ्यानं जमिनी विकल्या जातात. गुंठेवारी नियमित करण्याची तारीख २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली, तेव्हा आमच्याकडची कितीतरी घरं त्यात बसली. लोकांना छप्पर हवं होतं, त्यांचं चुकलं नाही. पण तिथला रस्ता आता रुंद होणार नाही आणि अग्निशामक गाडी आत शिरत नाही.

घाईनं केलेली योजनाही वाईटच, हे मान्य केलं पाहिजे. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये तो नव्यानं करायला सांगावं लागलं. अखेर नवी योजना १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. चुका दुरुस्त करायला घेतलेला वेळ मला मान्य आहे. पुण्याची गोष्ट वेगळी. जुन्या हद्दीची २००७ ते २०२७ साठीची योजना शासनानं २०१५ मध्ये महापालिकेकडून काढून घेतली आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे निम्मा काळ सरल्यावर. नगरसेवकांनी निर्णय घेतला नाही की तो कायमचा टळत नाही. तो विभागीय कार्यालयात किंवा मंत्रालयात घेतला जातो, आणि तिथं तुमच्या वॉर्डातला माणूस बसलेला नसतो.

तेव्हा आधी पालिकेत जाऊन विचारा, आपली योजना कोणत्या तारखेला अमलात आली. वीस वर्षं जवळ आली असतील तर इरादा जाहीर झाला का, हे लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. विषय तहकूब झाला असेल तर त्या सभेचं इतिवृत्त मागा. तहकुबीचं कारण त्यात नोंदलेलं आहे का, पुढची तारीख आहे का, ते बघा. हद्दवाढीचं कारण दिलं तर सांगा की वाढीव क्षेत्रासाठी वेगळी योजना करायला कलम ३४ आहे, त्यासाठी जुन्या गावाला थांबवायची गरज नाही. निवडणुकीचं कारण कुणी उघड देणार नाही, पण ते असतं.

त्याहून महत्त्वाचं, कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या आहेत आणि प्रत्येकीचे २४ महिने कधी संपतात, याची यादी मागा. आमच्या गावात ही यादी कुणी मागितली नव्हती.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की चौकात चर्चा करून काही होत नाही. आपल्या गटाचा भाग नकाशा घ्या, तो मोजणीच्या नकाशाशी ताडून बघा. ओढे आणि पाणंद रस्ते तर आवर्जून बघा. उपग्रहाच्या चित्रात झाडाखाली झाकलेला ओढा मोकळी जमीन म्हणून उतरतो, आणि एकदा उतरला की त्यावर निवासी पट्टा पडतो. हरकत मुदतीत लेखी द्या, गट नंबर आणि आरक्षण क्रमांक घालून, पोच घेऊन. सुनावणीला स्वतः जा. नियोजन समितीत पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यांच्यासमोर नकाशावर बोट ठेवून बोललात की ऐकतात, हा माझा अनुभव आहे. 'अन्याय झाला' एवढंच लिहिलेला अर्ज फेटाळायला त्यांना एक ओळ पुरते.

आमच्या गावात आता निवडून आलेली मंडळी पुन्हा बसतील आणि तो विषय पुन्हा पटलावर यावा म्हणून आम्ही काही जणांनी अर्ज दिला आहे. शाळेमागचं मैदान परत मिळणार नाही. काकूंची जागा अजून सुटू शकते, आणि ओढ्याकाठी थोडी सरकारी जमीन अजून मोकळी आहे. तुमच्या गावातही अशी एखादी जागा उरली असेल. तिचा गट नंबर काढा आणि या आठवड्यात पालिकेत जाऊन या.