गाभ टाकणारी गाय

पुणे शहराच्या पश्चिमेस ताथवडे येथे महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाचे वळूमाता प्रक्षेत्र आहे. अशा प्रक्षेत्रावर निवडक गाई पाळून त्यांच्यापासून पैदाशीचे वळू निपजविण्यात येतात. पूर्वी गावचा वळू गावातल्याच गाईंना पुरे. कृत्रिम रेतनात एकाच वळूचे रेत हजारो गाईंपर्यंत पोचते. आणि ते उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठविले तरी त्यातील रोगजंतू मरतातच असे नाही. यास्तव रेत घेण्यापूर्वी व नंतरही वळूंची क्षय, सांसर्गिक गर्भपात इत्यादी रोगांसाठी तपासणी करावी लागते. शेतकऱ्याच्या दावणीला मात्र इतकी तपासणी सहसा होत नाही.

सांसर्गिक गर्भपात म्हणजेच ब्रुसेलोसिस. सन १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरास या कुळातील जंतू माणसांत सापडला; सन १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना तो गाईंत आढळला. दोन्ही जंतू जवळचे आहेत, हे सन १९१८ मध्ये अ‍ॅलिस इव्हान्स या अमेरिकन विदुषीने दाखविले. कच्च्या दुधातून माणसास धोका आहे, हे तिचे म्हणणे त्या काळी पुष्कळांना पटले नाही. आपल्याकडेही धारोष्ण दुधाची थोरवी अद्याप गायिली जाते! खरवस वाफविलेला असतो, त्याची चिंता नको. न तापविलेल्या दुधाची मात्र आहे.

या रोगात गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते व वार अडकते. खरी फसगत पुढे होते. पुष्कळशा गाई एकदाच गाभडतात; नंतर त्या दिवस भरून वितात, धडधाकट दिसतात, पण विताना व दुधातून जंतू टाकीत राहतात. गाय बरी झाली असे समजून मालक तिला बाजारात विकतो, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात रोग शिरतो. तिची पारख डोळ्यांनी होत नाही. रक्ताची किंवा दुधाची तपासणीच हवी.

खेड्यातील मुले गाय विताना हाताखाली असतात. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. चुना घालून खोल पुरावी, हे शिक्षकांनी कारणांसह समजावून द्यावे. माणसास हा रोग जडला की ताप चढतो-उतरतो, घाम सुटतो, सांधे दुखतात. आठवडेच्या आठवडे दुखणे हटत नाही. अशा वेळी घरी गाय गाभडली होती, हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

जनावरांसाठी लस आहे. सन २०१९ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर हाही रोग घेतला आहे. ही लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच, एकदाच टोचतात. गोऱ्ह्यांना व गाभण गाईंना देत नाहीत. वय उलटले की संधी गेली. वरच्या वर्गातील मुलांकडून घरोघरच्या कालवडींच्या जन्मतारखांची वही करवून घेतल्यास गणिताचा पाठ होईल, आणि ती वही पशुवैद्यकीय दवाखान्यास उपयोगी पडेल.