इलेक्ट्रॉनाचे परिवलन आणि प्रकाशाची मोजपट्टी

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर विप्रोसारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत. तेथील संगणकांचे सारे गणित अर्धवाहकांतून होणाऱ्या विद्युत्‌भाराच्या हालचालीवर चालते. परंतु इलेक्ट्रॉनाच्या ठिकाणी भाराखेरीज आणखी एक गुण असतो. त्यास परिवलन अथवा स्पिन म्हणतात. त्यास भोवऱ्याची उपमा देण्याची चाल आहे. ती फार ताणू नये, कारण इलेक्ट्रॉन हा काही फिरणारा गोळा नव्हे. मात्र परिवलनामुळे तो चिमुकल्या चुंबकाप्रमाणे वागतो, आणि मोजू जाता त्याची दिशा ‘वर’ किंवा ‘खाली’ अशी दोनच प्रकारची आढळते. या दिशेत एखादी नोंद साठवावयाची तर ती दिशा किती काळ टिकते, हे प्रथम मोजले पाहिजे.

हे मोजमाप प्रकाशाने करता येते. वर्तुळ ध्रुवित प्रकाशाचे फोटॉन स्वतःच परिवलन वाहून नेतात. याचा प्रायोगिक पुरावा चंद्रशेखर वेंकट रामन व भगवंतम् यांनी १९३१ साली कलकत्त्यास मांडला. पुढे १९३३ मध्ये रामन बंगळूरला आले.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा काळसर, थरांचा पदार्थ यंत्रांचे वंगण म्हणून परिचित आहे. चिकटपट्टीने त्याचे थर सोलता येतात. अखेरचा एकेरी थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख काढल्यास दोन प्रकारच्या ‘दऱ्या’ दिसतात. उजव्या वर्तुळाचा तांबडा प्रकाश एका दरीतील इलेक्ट्रॉन उद्दीपित करतो, डाव्या वर्तुळाचा दुसरीतील. हे २०१२ मध्ये प्रयोगाने दिसून आले.

मोजण्याची रीत अशी. वर्तुळ ध्रुवित लेसरचा एक क्षणिक स्पंद थरावर पडतो आणि परिवलनांना एका दिशेस वळवितो. त्यामागून सरळ रेषेत ध्रुवित असा दुसरा, मंद स्पंद येतो. परावर्तित होताना त्याचे ध्रुवणप्रतल परिवलनाच्या प्रमाणात किंचित् फिरते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन कर यांनी १८७७ मध्ये चुंबकाच्या ध्रुवावरून परतणाऱ्या प्रकाशात असाच परिणाम पाहिला होता. राहता राहिला घड्याळाचा प्रश्न. तो आरसा सोडवितो. एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागात, प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. म्हणून दुसऱ्या स्पंदाच्या वाटेवरील आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकविला की जाऊन-येऊन तो स्पंद एक पिकोसेकंद उशिरा पोचतो. आरसा पायरीपायरीने मागे नेत गेल्यास परिवलन कसे मावळते याचा आलेखच हाती येतो.

२०१५ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने ५ केल्विन, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सियस तापमानास मोजमाप केले. उद्दीपित इलेक्ट्रॉन पिकोसेकंदांतच मोजावा इतक्या अल्प काळात पूर्वस्थितीस येतात. परिवलनाची खूण मात्र ३ नॅनोसेकंदांहून अधिक, म्हणजे ३,००० पिकोसेकंदांवर टिकली. ती थरात मूळचेच असलेल्या इलेक्ट्रॉनांनी धरून ठेवली होती. तापमान वाढविता हा काळ घटत गेला.

थरास समांतर असे अल्प चुंबकीय क्षेत्र लावताच ही खूण झपाट्याने लोपली, हे अधिक विलक्षण. गॅलियम आर्सेनाइडसारख्या परिचित अर्धवाहकांत परिवलने अशा क्षेत्राभोवती बराच काळ एका तालात फिरत राहतात. या थरात दोन दऱ्यांतील अंतर्गत क्षेत्रे परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे एका दरीतून दुसरीत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा ताल प्रत्येक उडीगणिक चुकतो.