नेहमीचा हवालदार

मी मालिकांत आणि सिनेमांत छोटी कामं करतो. घर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. थोडी भातशेती आहे आणि भावाबरोबर खत-बियाण्यांचं दुकान. तुम्ही मला पाहिलं असेल, ओळखलं नसेल. हवालदार, तलाठ्याच्या कचेरीतला शिपाई, नवऱ्या मुलीचा गरीब बाप, पारावर बसलेल्या चौघांतला एक. नायकांची आत्मचरित्रं पुष्कळ छापली जातात. पण नायक मूठभर, बाकी सगळे आम्ही. शहापूर-मुरबाडकडची पोरं "काका, तिकडं शिरायचं कसं?" म्हणून विचारत येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

१. आधी गावात उभं राहायला शिका.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेपासून जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, खाजा-मिठाई आणि रात्री तमाशाचे फड. मी नटाचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिथे. आकाशपाळण्याचा भोंगा एकीकडे, बैलांच्या घंटा दुसरीकडे, आणि कनातीच्या टोकाला बसलेल्या माणसालाही वगातला विनोद कळला पाहिजे. सोंगाड्या त्यासाठी ओरडत नाही. तो थांबतो. गलका किंचित ओसरला की त्या फटीत वाक्य टाकतो. पुढे कॅमेऱ्यासमोर मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

दुसरी शाळा सिद्धगडची. २ जानेवारी १९४३ रोजी या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या 'आझाद दस्ता' या क्रांतिकारकांच्या गटाने विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणलं होतं. आमच्या लहानपणी शाळेच्या नि मंडळाच्या नाटकांत हा प्रसंग हमखास असायचा. उंच, त्यातल्या त्यात गोरा पोरगा हॅट घालून इंग्रज अधिकारी व्हायचा आणि मी त्याच्या मागचा शिपाई. माझी पुढची कारकीर्द तिथेच ठरली म्हणा! २०२० साली 'शहीद भाई कोतवाल' हा चित्रपट आला, त्यात कोतवालांची भूमिका आशुतोष पत्कीने केली. घरोघरच्या बायका त्याला 'अग्गंबाई सासूबाई'तला सोहम म्हणून ओळखत होत्या. पूर्वी नाटकातून सिनेमात जात, आता ओळख मालिका करून देते. पण उभं राहायची सवय मालिकेत लागत नाही, तिथे तेवढा वेळच कुणाला नसतो. म्हणून पोरांना सांगतो, आधी राज्य नाट्य स्पर्धेत एखादं नाटक करा, पडद्यामागे खुर्च्या उचलायला लागल्या तरी चालेल.

२. पोटाची सोय वेगळी हवी.

निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते पुढे आले आणि 'एक गाव बारा भानगडी' हा पहिला चित्रपट मिळाला तो १९६८ साली. अशोक सराफांनी बरीच वर्षं स्टेट बँकेत नोकरी केली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली त्यांनी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' केलं. तिकडे इंग्लंडातही वेगळं नाही. ॲलन रिकमन आधी ग्राफिक डिझायनर होता, मग नाटक, मग टीव्ही. त्याचा पहिला चित्रपट 'डाय हार्ड' १९८८ साली आला तेव्हा त्यानेही चाळिशी ओलांडलेली.

या गोष्टी लोक जिद्दीचे दाखले म्हणून सांगतात. मला त्यात हिशेब दिसतो. मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला असतो आणि कोऑर्डिनेटरमार्फत काम आलं असेल तर त्याचं कमिशन वेगळं. आज काम केलंत तर पैसे पुढच्या हंगामात. ज्याच्या घरात तोवर तांदूळ आहे तोच वाट पाहू शकतो. आणि ज्याला वाट पाहता येते त्यालाच एखाद्या फालतू कामाला नाही म्हणता येतं. माझ्या दुकानाने मला अभिनय शिकवला नाही, पण दोन-तीन अगदी लाजिरवाण्या भूमिकांपासून वाचवलं.

३. अंतर हा तुमच्या कारकिर्दीतला सहकलाकार आहे.

मुंबईकर नटाला कळणार नाही अशी गोष्ट. आमचं आसनगाव स्टेशन सीएसएमटीपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. एसटीने कल्याण गाठायचं, तिथून पुढे लोकल. मराठी मालिकांचे बरेच सेट ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या आसपास आहेत, काही गोरेगावच्या चित्रनगरीत. सात वाजताचा कॉलटाइम म्हणजे आमच्यासाठी कोंबड्याच्या आधीची गोष्ट. परतीचं त्याहून वाईट. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, ती तेरा-चौदाची होते, आणि शेवटची कसारा गेली की कल्याणच्या फलाटावर वर्तमानपत्र अंथरायचं.

यावर उपाय प्रतिभेचा नाही, नातेवाइकांचा आहे. कळव्यात किंवा डोंबिवलीत पाठ टेकायला एक घर हवं. त्या घरी जाताना हात हलवत जाऊ नये. मी नवे तांदूळ नेतो, पावसाळ्याच्या तोंडाला करवंदं. पावसात मात्र आदल्या रात्रीच निघायचं, कारण भातसा-काळू नद्या फुगल्या की वाशिंद-खडवलीकडे गाडी कधी थांबेल याचा नेम नाही.

छोट्या भूमिकेसाठी निर्मितीवाले चेहरा फार शोधत नाहीत. ते विचारतात, "कोण वेळेवर येईल?" एकदा धो-धो पावसात अंधेरीत राहणारे दोघं पोचले नव्हते आणि मी मेकअप करून बसलो होतो. त्या दिवशी माझ्या वाट्याला त्यांच्यातल्या एकाची वाक्यंही आली. त्या युनिटने पुढे मला पुन्हा पुन्हा बोलावलं. माझा अभिनय अचानक सुधारला होता असं नाही.

४. बसायला शिका.

सेटवर दिवसातला बहुतेक वेळ आमच्यासारखे लोक बसलेले असतात. मॉनिटरजवळ घोटाळू नका, मुख्य कलाकारांच्या खुर्च्यांवर बसू नका, जेवण लवकर उरका. बोलावणं नेमकं भाकरी मोडल्यावर येतं. संवाद पुष्कळदा ऐनवेळी हातात पडतात. तुमचा क्लोज लागतो तेव्हा समोरचा मोठा नट निघून गेलेला असतो आणि त्याची वाक्यं असिस्टंट मुलगा सपाट आवाजात वाचतो. त्याच्याकडे बघून तुम्हाला साहेबाची भीती वाटली पाहिजे. अवघड आहे. हवालदाराचं वाक्य "साहेब, बाहेर एक बाई आल्यात" एवढंच असतं, आणि नवखा नट त्यात आपली सगळी कला ओतायला जातो. बाई आल्या आहेत, सांगायचं आणि बाजूला व्हायचं. साहेबाकडे कॅमेरा आहे.

५. आपली बोली मालिकेत शोधू नका.

मालिकेतलं गाव कुठलंही असो, माणसं कोल्हापूर-साताऱ्याच्या वळणाचं बोलतात. आमच्या आगरी-कुणबी बोलीत मी एकदा वाक्य म्हटलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "गावाकडचं बोला ना!" गाव ठाण्याचं, गावकरी ठाण्याचा, आणि बोली मात्र पंचगंगेची. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. आगरी बोलीला विनोदापुरतं बोलावतात, रडायला कधीच बोलावत नाहीत. तोवर दोन्ही यायला हव्यात.

६. गुरुवारी टीआरपी येतो.

त्यावरून मालिका राहणार की जाणार, तुमच्या पात्राचा अपघात होणार की बदली, ते ठरतं. त्यात तुमचा दोष नसतो. घरी येऊन चिखलणीला लागावं.

७. काम देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. निवड झाली आहे, फक्त 'रजिस्ट्रेशन' भरा, असा निरोप आला की समजा निवड तुमच्या खिशाची झाली आहे. फोटोंसाठी हजारो रुपये घालवू नयेत. खिडकीजवळच्या उजेडात मोबाइलवर काढलेले दोन साधे फोटो पुरतात, एक समोरून, एक बाजूने, फिल्टर न लावता. परवा टोकावड्याकडचा एक पोरगा बापाला घेऊन दुकानात आला. कुणीतरी त्याला 'मोठ्या चॅनलचं काम' देतो म्हणून रक्कम सांगितली होती, आणि बापाने त्यासाठी शेळ्या विकायची तयारी केली होती. मी तो नंबर पोराला त्याच्याच हाताने ब्लॉक करायला लावला, कल्याणच्या एका नाट्यमंडळातल्या ओळखीच्या माणसाशी त्याचं बोलणं करून दिलं, तालमीची वेळ लिहून दिली. पोरगा खूश झाला. बापाचं समाधान झालं नव्हतं. बियाण्याची पिशवी खांद्यावर घेता घेता त्याने विचारलं, "मग भाऊ, याला पाठवू का नको?"

म्हटलं, "पाठवा. आधी लावणी उरकून घ्या."