कुपा कसा पकडला? : परिसर अभ्यासाचा एक तास



'समुद्रातले मासे जपून वापरावेत' असं फळ्यावर लिहिलं आणि चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, मग बाबांनी होडी न्यायचीच नाही का?" माझ्या वर्गात निम्मी मुलं कोळ्यांची. प्रश्न रास्त होता. मग पुस्तक मिटलं आणि मुलांच्या ओळखीचा कुपा, म्हणजे ट्यूना, घेतला.

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर कुप्याची एक जात, स्किपजॅक, काठीला बांधलेल्या गळाने पकडतात. आधी बेटाजवळच्या उथळ पाण्यातली बारीक मासळी पकडून होडीतल्या टाकीत जिवंत ठेवायची. बाहेर समुद्रात कुप्यांचा थवा दिसला की ती पाण्यात टाकायची आणि वरून पाणी शिंपडायचं. खाणं आलं असं वाटून कुपे वर झेपावतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा होडीत पडता पडता सुटतो. एक गळ, एक मासा! कासव यात सहसा अडकत नाही. मालदीवमध्येही हीच पद्धत आहे. तिथल्या स्किपजॅकला २०१२ मध्ये एमएससीचं प्रमाणपत्र मिळालं.

याउलट मोठी पर्ससीन जहाजं समुद्रात तराफे सोडतात. तराफ्याच्या सावलीला मासे जमले की जाळं बटव्यासारखं आवळतात. त्यात स्किपजॅकबरोबर यलोफिन कुप्याची हातभर लांबीची पिल्लंही येतात. हाच यलोफिन वाढून दीड मीटरचा होतो. पिल्लंच गेली तर अंडी घालणार कोण? हे मुलांना लगेच पटलं.

अर्थात गळाची पद्धतही अगदी निर्दोष नाही. आमिषाची बारीक मासळी प्रवाळाच्या आसऱ्याने राहते, तिच्यावरही ताण येतोच.

पालकांनी डबाबंद ट्यूना घेताना माशाची जात आणि पकडण्याची पद्धत वाचावी. 'पोल अँड लाइन' म्हणजे हीच काठी-गळाची पद्धत. आपल्या बाजारात लेबल कुठलं? तिथे मावशींनाच विचारायचं, कुठल्या जाळ्यातला, कधीचा? पिल्लं असतील तर घ्यायची नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा सुकी मासळी आहेच.

घरी आलेला मासा पट्टीने मोजून आणा, असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या वहीत होतं: "बांगडा, १९ सेमी. आई ओरडली. बाबांनी पट्टी धरली."