हॉफस्टॅटर वाचताना उमगलेलं

अमेरिकेतली निवडणूक तापली की मी रिचर्ड हॉफस्टॅटर काढून बसतो. कोलंबिया विद्यापीठातले हे इतिहासकार १९७० मध्ये, अवघ्या ५४ व्या वर्षी गेले. त्यांच्याकडून शिकलो ते असं.

१. भांडणाऱ्यांचं एकमत कशावर आहे, ते आधी शोधावं. जेफरसनपासून फ्रँकलिन रूझवेल्टपर्यंतचे नेते १९४८ च्या पुस्तकात त्यांनी असेच तपासले. एकमेकांवर तुटून पडणारे हे लोक खासगी मालमत्ता आणि स्पर्धा या दोन गोष्टींवर मात्र ठाम एकत्र होते.

२. मत फक्त खिशाकडे पाहून दिलं जात नाही. ‘द एज ऑफ रिफॉर्म’ या त्यांच्या पुस्तकातले वकील, पाद्री, छोटे व्यापारी उपाशी नव्हते, नव्या कारखानदारांपुढे गावातला त्यांचा मान उतरला होता. सुधारणेच्या चळवळीत ते त्या सलीपोटी आले, असं हॉफस्टॅटर म्हणतात.

३. पुस्तक कोणत्या साली लिहिलं, ते पाहून मगच पान उलटावं. ‘द एज ऑफ रिफॉर्म’मध्येच १८९० च्या दशकातल्या पॉप्युलिस्ट चळवळीतल्या शेतकऱ्यांना त्यांनी गतकाळात रमणारे, कारस्थानं शोधणारे ठरवलं. हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वेची भाडी, सावकारी कर्ज, कापसाचे पडलेले भाव हे काही भ्रम नव्हते. लॉरेन्स गुडविन यांनी १९७६ मध्ये त्याच शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीचा इतिहास लिहिला आणि चित्र पालटलं. पण हॉफस्टॅटर यांचं पुस्तक १९५५ चं. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या चौकशांची धग ताजी होती, आणि खवळलेल्या गर्दीची त्यांना वाटणारी धास्ती त्या पानांत उतरली आहे.

४. विद्वानांविषयीचा तिटकारा नेहमी दुष्टपणातूनच येतो असं नाही. धर्मातला भक्तीचा ओलावा, समतेची ओढ, कामाला येईल तेच ज्ञान मानणारा व्यापारी बाणा – या चांगल्या गोष्टींतूनही तो कसा वाढतो, हे त्यांनी १९६३ च्या पुस्तकात दाखवलं. मला त्यांचं हेच पुस्तक सर्वांत मोठं वाटतं.

५. ‘पॅरानॉइड स्टाइल’, म्हणजे सगळीकडे कट पाहणारी शैली, हे शब्द विरोधकाच्या तोंडावर फेकू नयेत. हे शब्द ज्याच्या शीर्षकात आहेत त्या १९६४ च्या निबंधात फ्रीमेसन, कॅथलिक, कम्युनिस्ट यांच्याविरुद्ध उठलेली वादळं एका ओळीत मांडताना त्यांनी बजावलं होतं की हे वेडाचं निदान नव्हे. चारचौघांसारखी माणसंही असं बोलतात. आज तेच शब्द शिवीसारखे वापरलेले ऐकले की मला फार वाईट वाटतं.