गोळीचा गुण दिसत नाही

शस्त्रक्रिया झाली, केमो झाले, शेक घेऊन झाले, की स्तनाच्या कर्करोगाच्या जाडजूड फायलीत शेवटी एक साधी चिठ्ठी येते. टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम किंवा लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. एवढं सोसून झाल्यावर ही गोळी निव्वळ सोपस्कार वाटते आणि नेमकी तेव्हाच सल्ल्यांची रीघ लागते. चिंचवडच्या सोसायटीत, भोसरीच्या मंडईत, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कुणाची तरी नणंद असते, जिचे त्या गोळीने गुडघे गेले. आणि कुणाची तरी मावशी असते, जिने गोळी घेतलीच नाही आणि जी ठणठणीत आहे. मी या निर्णयातून गेलेली बाई आहे. तरी माझं काय झालं ते इथे सांगणार नाही. हा निर्णय दुसरीच्या गोष्टीवरून घेऊ नये हेच मला सांगायचं आहे, आणि त्या दुसऱ्यांत मीही आले.

कारण सरळ आहे. या औषधाचा त्रास दिसतो, गुण दिसत नाही. सकाळी बोटं आखडतात, रात्री अंगातून वाफा निघतात, ते सगळ्यांना सांगता येतं. परत न आलेला कर्करोग मात्र कुणाला सांगायला येत नाही. गोळी घेऊन बरी राहिलेली बाई गोळीमुळे बरी राहिली, की शस्त्रक्रियेतच तिचं काम झालं होतं, हे तिला स्वतःलाही कळायचा मार्ग नाही. न घेता बरी राहिलेलीचंही तेच. कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्यांना हे लगेच पटेल: मशीन बंद पडलं की सगळा प्लँट गोळा होतो, जे बंद पडायचं टळलं त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. म्हणून एकीकडे पाहून उपयोग नाही, हजारोंची तुलना पाहावी लागते.

ती झालेली आहे. ऑक्सफर्डहून चालणाऱ्या संशोधकांच्या गटाने जगभरच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. त्यात हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठी असलेल्या १०,६४५ स्त्रिया होत्या. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांत, पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, शंभरांत साधारण ३३ वरून २४ वर. गोळी थांबल्यानंतरही तिचा फायदा पुढे चालू राहिला, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पण ‘एक तृतीयांश’ ऐकून हुरळूनही जाऊ नये. एक तृतीयांश कशाचा, हा खरा प्रश्न. जिच्या काखेतल्या चार-पाच गाठींत रोग पोचला होता, तिचा मूळ धोका मोठा, म्हणून वाचणारा वाटाही मोठा. सत्तरी ओलांडलेल्या, सेंटिमीटरभराहून लहान गाठ निघालेल्या, काख स्वच्छ असलेल्या बाईचा धोका समजा शंभरांत सहा असेल, तर तो चारावर येईल. म्हणजे शंभरजणींनी वर्षानुवर्षं गोळी घ्यायची आणि दोघींना तिचा उपयोग व्हायचा. त्या दोघींत आपण असू शकतो म्हणून घेणं शहाणपणाचं आहे, आणि हृदयाचा आजार, ठिसूळ हाडं आणि हे दोन आकडे समोर ठेवून नको म्हणणंही शहाणपणाचंच आहे. तेव्हा ओपीडीत ‘घेऊ की नको’ असं विचारू नका. ‘न घेतली तर माझा धोका शंभरांत किती, घेतली तर किती’ असं विचारा. ब्रिटनमध्ये तयार झालेलं ‘प्रेडिक्ट’ नावाचं गणित डॉक्टर संगणकावर मांडून दाखवू शकतात. ते तिकडच्या स्त्रियांवरून बेतलेलं आहे, आणि आपल्याकडे हा रोग तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, हे लक्षात ठेवून ते वाचावं. काही डॉक्टरांना वाटतं, आकडे सांगितले तर बाई घाबरेल नाहीतर गोळी नाकारेल. मला उलट वाटतं. गोळी कशासाठी आहे हे ठाऊक असलेली बाईच तिसऱ्या वर्षी ती गिळत राहील.

या सगळ्याच्या आधी एक कागद तपासायचा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ईआर आणि पीआर, म्हणजे गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का हे सांगणारे रिसेप्टर, यांच्यापुढे टक्के लिहिलेले असतात. ईआर एक टक्का किंवा अधिक असेल तर पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्के हा मात्र कुंपणावरचा गट, तिथे फायद्याची खात्री कमी. दोन्हींपुढे शून्य असेल तर ही गोळी आपल्यासाठी नाही. पण शून्यावरही डोळे झाकून विश्वास नको. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावी लागते आणि तिथे ६ ते ७२ तास राहावी लागते. एखाद्या लहान नर्सिंग होममध्ये ती तशीच पडून राहिली, मग पुण्याच्या लॅबला उशिरा पोचली, तर असलेला ईआर नसल्यासारखा दिसू शकतो. शंका असेल तर मेणात जपलेला तो तुकडा, ज्याला लॅबवाले ‘ब्लॉक’ म्हणतात, मागून घेऊन तपासणी दुसरीकडे पुन्हा करता येते.

पहिला आक्षेप नेहमी हाच येतो: हार्मोनच्या गोळ्या घेऊन शरीर बिघडवायचं कशाला? तर इथे हार्मोन देत नाहीत, त्याची वाट अडवतात. पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर इस्ट्रोजेनच्या ज्या गोळ्या मिळतात, त्या याच्या अगदी उलट. कर्करोग झालेल्या स्त्रियांना त्या देऊन पाहणारी ‘हॅबिट्स’ ही स्वीडनमधली चाचणी २००३ च्या अखेरीस मध्येच थांबवावी लागली, कारण त्या घेणाऱ्यांत रोग जास्त उलटत होता. वाफांसाठी कुणी गोळी लिहून दिली तर ती कसली आहे हे विचारून घ्यावं. टॅमॉक्सिफेन काही नवखं औषधही नव्हे. आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी ते १९६२ साली बनवलं, तेही गर्भनिरोधक म्हणून. त्या कामी ते साफ फसलं.

दुसरा आक्षेप त्रासाचा, आणि तो खोटा नाही. टॅमॉक्सिफेनने क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. लेट्रोझोलच्या घराण्यातल्या गोळ्यांनी सांधे आखडतात, हाडं विरळ होतात. चाकणच्या कारखान्यात वायरिंग हार्नेसच्या क्लिपा अंगठ्याने दाबून बसवणाऱ्या बाईला आखडलेला अंगठा म्हणजे थेट नोकरीचा प्रश्न. तिला ‘सहन करा’ म्हणणं हा सल्ला नव्हे. त्याच घराण्यातली दुसरी गोळी बदलून पाहता येते, टॅमॉक्सिफेनवर येता येतं, सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन करून हाडांसाठी औषध देता येतं. २०१५ साली अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात अशा दुखण्याच्या १२१ स्त्रिया होत्या. आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम आणि १५० मिनिटं चालणं हे वर्षभर करणाऱ्यांचं सर्वाधिक दुखण्याचं माप २९ टक्क्यांनी उतरलं. मनाने गोळी अर्धी मोडून खाणं मात्र नको. कमी मात्रेचा पुरावा आहे तो दुधाच्या नळीबाहेर न पसरलेल्या रोगासारख्या अवस्थांपुरता. नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा जोर घटवतात, तेव्हा त्या चालू असतील तर आधी सांगावं.

पन्नाशीच्या आतल्या बाईने आणखी एक जपावं. केमोने पाळी थांबली म्हणजे बीजांडकोश थांबले असं नाही, आणि ते चालू असताना नुसतं लेट्रोझोल काम करत नाही. मूल हवं असेल तरी दार बंद झालेलं नसतं. ‘पॉझिटिव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन, मग गरोदरपणासाठी ती थांबवणाऱ्यांत तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं, तुलनेच्या गटात ९.२. पाठपुरावा अजून थोड्या वर्षांचा आहे, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

नाकारण्यापेक्षा मला भीती वाटते ती गुपचूप सुटण्याची. फ्रान्समध्ये टॅमॉक्सिफेन सुरू होऊन वर्ष झालेल्या १,१७७ तरुण स्त्रियांचं रक्त तपासलं, तेव्हा १६ टक्क्यांच्या रक्तात औषध पुरेसं नव्हतं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी ‘नियमित घेते’ असंच सांगितलं होतं. पुढे रोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण त्यांच्यात अधिक निघालं. आपल्या पट्ट्यात गोळी सुटण्याची कारणं पुष्कळदा शरीरात नसतातच. कंपनीची ग्रुप पॉलिसी केमोचे लाख रुपये भरते, कारण तिथे दाखल व्हावं लागतं. रोजच्या गोळीचे पैसे साधारणपणे देत नाही. ठेकेदार बदलला की ईएसआयच्या कागदांत खंड पडतो. पगारवाढ होऊन वेतन २१,००० च्या वर गेलं की काही महिन्यांनी ते छत्रच जातं. यावर उपाय साधा आहे: जनऔषधी केंद्रात हीच औषधं जेनेरिक नावाने फार स्वस्त मिळतात, तेव्हा चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्यायचं.

आणि पाच वर्षं झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. गोळी पाच वर्षांनी थांबवलेल्या स्त्रियांत पुढच्या पंधरा वर्षांत रोग दूरवर उलटण्याचं प्रमाण लहान गाठ आणि स्वच्छ काख असलेल्यांत १३ टक्के, तर मोठी गाठ आणि काखेतल्या चार ते नऊ गाठींत रोग असलेल्यांत ४१ टक्के निघालं. ‘ॲटलस’ चाचणीत टॅमॉक्सिफेन दहा वर्षं घेतल्याने मृत्यू आणखी घटले, पण त्या काळात गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका १.६ वरून ३.१ टक्क्यांवर गेला. म्हणजे पाचव्या वर्षी तोच प्रश्न नव्या आकड्यांसह पुन्हा विचारायचा, डेक्साचा ताजा रिपोर्ट सोबत घेऊन. थांबायचं ठरलं तर ती तारीख आणि कारण डॉक्टरांकडून फायलीत लिहून घ्यायचं. वर्षाची मॅमोग्राफी मात्र गोळी घेणारीलाही चुकत नाही, न घेणारीलाही नाही.